‘क्यू-आय’चे ६२ गुण आणि माळ्यावर गेलेला पट

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६३, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आलेली नात जाताना स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द लावायच्या खेळाचा, पट मागे ठेवून गेली. तेव्हापासून दुपारची जेवणं उरकली की ताई आणि शेजारच्याच घरात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई पडवीत डाव मांडतात. जाऊबाई मुंबईला फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या, त्यांचं इंग्रजी चांगलं. ताईंचं पाचवीपासून शिकलेलं. त्यामुळे जिंकायच्या जाऊबाईच. यंदा नातीने दोन अक्षरी इंग्रजी शब्दांची एक छापील यादी पाठवली आणि ताईंनी ती पाठ केली. आषाढातल्या एका दुपारी त्यांनी ‘क्यू’ आणि ‘आय’ ही जोडी आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून जुळवून एका खेळीत ६२ गुण घेतले. जाऊबाई म्हणाल्या, “अगो, अर्थ सांग आधी.” ताईंना सांगता आला नाही. “मग ही घोकंपट्टी झाली, खेळ नव्हे,” असं म्हणून जाऊबाई उठल्या. पट माळ्यावर गेला. बाकी बोलणंचालणं आहे, डाव तेवढा नाही.

गणपतीत नात येणार आहे. ताई विचारतात: अर्थ ठाऊक नसलेला शब्द लावणं ही लबाडी का? जन्मभर मुलांना ‘घोकू नका’ म्हटलं आणि आता मीच घोकते, हे बरं दिसतं का? नात आता अक्षरांच्या जोड्यांवरून शब्द शिकायला सांगते, ते या वयात जमेल का? आणि जाऊबाई पुन्हा डावाला बसतील यासाठी काय करू?

ताई,

तुमची ती खेळी मी कागदावर चौकटी आखून लावून पाहिली. ‘क्यू’चे १०, तो अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडला म्हणून ३०, शेजारच्या ‘आय’चा १, झाले आडवे ३१. तसेच उभे ३१. हिशेब चोख आहे. दोन वर्षं हरत असूनही रोज पट मांडणाऱ्या बाईला त्या दुपारी किती आनंद झाला असेल! पण पत्रात त्याची एक ओळही नाही. आहे ती सगळी अपराधाची भावना. म्हणून आधी हे सांगते की खेळी सुरेख होती आणि तिच्यात लबाडी नव्हती.

स्क्रॅबलचा नियम अर्थ विचारत नाही. समोरच्याला शब्दाची शंका आली तर हरकत घेता येते. मग ठरलेल्या शब्दकोशात तो शब्द आहे की नाही, एवढंच बघतात. असला तर गुण मिळाले, नसला तर ठोकळे उचलायचे आणि पाळी गेली. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी फ्रेंच शब्द पाठ केले होते. २०२४ साली त्यांनी स्पॅनिश स्पर्धाही अशीच जिंकली. त्यांच्यापुढे बसलेल्यांना शब्दाचा अर्थ विचारण्याची सोय नियमातच नव्हती.

पण हे उदाहरण जाऊबाईंना जाऊन सांगू नका. ते खरं असलं तरी तुमच्या पडवीला लागू पडत नाही. तुम्ही दोघींनी नियम कधी ठरवलेच नव्हते. दोन वर्षं जो खेळ चालला होता तो ‘आपल्याला येतं त्या इंग्रजीचा’ खेळ होता. यादी आल्यावर तुम्ही दुसरा खेळ खेळू लागलात आणि जाऊबाईंना ते कळलं थेट ६२ गुण पडल्यावर.

गाण्यांच्या भेंड्या आठवा. बसायच्या आधीच ठरतं की हिंदी चालेल का, आरत्या आणि अभंग चालतील का, ‘ण’ आला तर ‘न’ धरायचा का. ठरलेलं नसताना मध्येच कुणी आरती सुरू केली की गलका होतो. आरतीत वाईट काही नसतं, आधी ठरलं नव्हतं एवढंच खटकतं. आणि भेंड्यांत मुरलेली प्रत्येक बाई ‘ठ’ची चार गाणी पदराला गाठ मारून ठेवते. त्या गाण्यांचे अर्थ तिला कुणी विचारत नाही, तिला घोकंपट्टी करणारीही म्हणत नाही. तुम्ही ‘क्यू’साठी तेच केलंत. चुकलं एवढंच, की गाठ मारली आहे हे सांगायचं राहिलं.

आता जाऊबाईंबद्दल. त्यांचा आक्षेप अर्थाला होता असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी जे थोडं लिहिलं आहे, त्यात फोर्टातल्या नोकरीचा उल्लेख दोनदा आला आहे. मुंबईत इंग्रजीच्या जोरावर संसाराला हातभार लावलेली बाई गावी परतली, की त्या इंग्रजीचं काम संपतं. वाडीत बँकेचा कागद वाचून दाखवायचा, औषधाच्या बाटलीवरचं बघून सांगायचं, एवढंच उरतं. तुमच्या पडवीत रोज दुपारी तासभर मात्र ते इंग्रजी पुन्हा उपयोगी पडत होतं. मग एक यादी आली आणि ज्या शब्दाला आपण इंग्रजी समजतच नव्हतो, त्याने एका खेळीत ६२ गुण नेले. त्या हरल्या म्हणून उठल्या नसाव्यात. जे आपल्याला येतं त्याला इथे काही मोल उरलं नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं असावं. माझा तर्क चुकत असेल तर सोडून द्या. पण जाऊबाईंना तुम्ही जास्त ओळखता, तुम्हीच तपासून बघा.

गंमत अशी, की अक्षरांच्या जोड्यांचा खेळ शिकायला तुम्हाला जाऊबाईंहून चांगला जोडीदार नाही. टायपिंगच्या वर्गात पहिला महिना काय करतात, त्यांनाच विचारा. ए-एस-डी-एफ-जी-एफ, मग सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे. पानंच्या पानं. त्याला अर्थ कुठे असतो? मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली प्रत्येक टायपिस्ट आधी हे बिनअर्थाचं बडवूनच तिथे पोचलेली असते. नंतर बोटं एकेक अक्षर शोधत नाहीत, जोडीजोडीने पडतात. टी-एच, ई-आर, आय-एन. चालू इंग्रजी मजकुरात टी-एच ही सगळ्यांत जास्त येणारी जोडी. ती जाऊबाईंच्या बोटांत आजही असणार. घोकण्यातून कौशल्य येतं हे त्यांनी तुमच्या आधी अनुभवलं आहे. फक्त या खेळाशी त्याचा संबंध त्यांनी जोडलेला नाही, आणि तो तुम्ही वादात जिंकण्यासाठी जोडून दाखवू नये. त्यांना शिकवायला सांगा. टाइपरायटरच्या वरच्या ओळीतल्या पहिल्या सहा अक्षरांचा, क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय, इंग्रजी शब्दकोशात एक शब्दच झाला आहे. ‘यू’शिवायचा ‘क्यू’, आणि घरांचा गुणाकार न धरता २१ गुण. हा शब्द त्यांचा आहे. तो त्यांना सापडू द्या.

तुम्ही शिक्षिका, म्हणून घोकण्याचा सल तुम्हाला जास्त. वर्गात मुलाने धडा अर्थाविना पाठ केला तर धडा वाया जातो, कारण धड्याचा हेतूच अर्थ. पण पाढे तुम्ही पाठच करून घेतलेत ना? बे एके बे म्हणताना मूल विचार करत नव्हतं. ते आपोआप यावं म्हणूनच तर पाठ करून घेत होतात, म्हणजे गणित सोडवताना डोकं मोकळं राहतं. स्क्रॅबलमधले दोन अक्षरी शब्द हे खेळाचे पाढे आहेत.

तरीही मी तुम्हाला अर्थ शिकायलाच सांगणार आहे. नियमासाठी नव्हे. अर्थाची खुंटी असली की शब्द निसटत नाही, आणि जाऊबाईंचा प्रश्न साधा होता, त्याला साधं उत्तर मिळायला हवं होतं. तर ‘क्यू-आय’चा उच्चार ‘ची’. चिनी विचारात शरीरात वाहणारी प्राणशक्ती, आपण ‘प्राण’ म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी. दोन अक्षरी शब्दांत ‘क्यू’ असलेला हा एकच. ‘एक्स-आय’ हे ग्रीक अक्षर, ‘एक्स-यू’ हे व्हिएतनामचं जुनं नाणं, ‘जे-ओ’ म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत लाडकी व्यक्ती, ‘झेड-ए’ म्हणजे पिझ्झाचं बोलभाषेतलं तोकडं रूप. ‘के-ए’ हा प्राचीन इजिप्तच्या समजुतीतला माणसाचा आत्मा. ‘ओ-के’ आपण सगळेच म्हणतो, पण खेळाच्या शब्दकोशात तो अमेरिकेत २०१८ आणि इतरत्र २०१९ साली आला. जाऊबाईंनी २०१७ साली तो लावला असता तर हरकतीत गेला असता. शब्द ‘खरा’ आहे की नाही हे असं यादीवर ठरतं, त्याच्या वापरावर नव्हे.

यादीवरून आठवलं. तुमच्या नातीने पाठवलेली यादी कुठली ते बघून घ्या. दोन प्रचारात आहेत. भारतातल्या स्पर्धांत कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाची वापरतात, २०१९च्या आवृत्तीत तिच्यात दोन अक्षरी १२७ शब्द आहेत. उत्तर अमेरिकेची वेगळी, तिच्यात १०७. ओळखायची सोपी खूण अशी, की यादीत ‘ओ-ओ’, ‘ई-ई’ आणि ‘सी-एच’ हे शब्द असतील तर ती कॉलिन्सची. फोनवर नातवंडांशी खेळणाऱ्या इतर आजी-आजोबांनीही हे आधी बघावं. एकीकडे चालणारा शब्द दुसरीकडे नाकारला गेला की उगाच खट्टू व्हायला होतं.

आता वयाचा प्रश्न. शंभरावर शब्दांची यादी तुम्ही आषाढाच्या आत पाठ केलीत, तीही कुणी न शिकवता. मग जमेल का हे मला कशाला विचारता?

जोड्यांकडे मात्र जरा वेगळ्या बाजूने जाऊ या, कारण देवनागरीत वाढलेल्या माणसाची अडचण इंग्रजी माध्यमातल्या नातीला कळणार नाही. आपल्याला अक्षर ऐकू येतं, ठोकळे दिसत नाहीत. ‘घ’ आपल्यासाठी एक अक्षर. पटावर तो ‘जी’ आणि ‘एच’ असे दोन ठोकळे मागतो. ‘ध’ला डी-एच, ‘भ’ला बी-एच, ‘ख’ला के-एच, ‘फ’ला कधी एफ तर कधी पी-एच. उलट टी-एच या एकाच जोडीत ‘थ’ही बसतो आणि ‘द’ही. जी-एच तर घाटात ‘घ’ होते, लाफमध्ये ‘फ’ होते आणि नाइटमध्ये गप्प बसते. म्हणून कानावर विसंबू नका. या जोड्यांना जोडाक्षरं समजा आणि तुम्ही पहिलीच्या मुलांना जोडाक्षरं दाखवत होतात तशी डोळ्यांनी ओळखा.

आणि हे मला फार आवडतं म्हणून सांगते. शंभर ठोकळ्यांत ‘एच’ आहेत फक्त दोन. म्हणजे आपले सगळे महाप्राण (ख, घ, ध, भ वगैरे), वर ‘श’ आणि ‘च’सुद्धा, त्या दोन ठोकळ्यांच्या आधारावर. फार तर कुठलंही अक्षर म्हणून चालणारे दोन कोरे ठोकळे मदतीला. म्हणून ‘एच’ हातात आला की लगेच खर्चू नका, आणि पटावर ‘एच’ने सुरू होणारा शब्द पडलेला दिसला की त्याच्या डाव्या घराकडे बघा. ते घर रिकामं असेल तर तिथे काय बसतं?

एच-ए-टी पडलाय. डावीकडे ‘सी’ ठेवला की चॅट, ‘टी’ ठेवला की दॅट, ‘डब्ल्यू’ ठेवला की व्हॉट. एवढं जाऊबाईंनाही येईल. पण ‘जी’ ठेवला की झाला घाट, आपलाच, कुंभार्लीचा असो की नदीचा. ‘के’ ठेवला की येमेनकडे ज्याची पानं चघळतात ते झुडूप. त्याच झुडपाचं दुसरं स्पेलिंग क्यू-ए-टी, म्हणजे एकाच वनस्पतीने ‘के-एच’ही शिकवली आणि ‘यू’शिवायचा ‘क्यू’ही.

नुसता एच-आय, हाय, पडलेला असेल तर ‘जी’ ठेवा. झालं तूप! जी-एच-आय चालतो, जी-एच-ई-ई पण चालतो. ‘सी’, ‘के’ किंवा ‘पी’ ठेवलात तर ग्रीक अक्षरं. डाळीची तर तीन स्पेलिंगं चालतात, डी-ए-एल, डी-ए-एच-एल आणि डी-एच-ए-एल.

एच-ओ-एल-ई, म्हणजे होल. आधी ‘डब्ल्यू’ लावणं कुणालाही सुचेल. ‘डी’ लावलात तर आपला कोळसून, सह्याद्रीतला रानकुत्रा. ‘टी’ लावलात तर होडीच्या काठावरची ती खुंटी, जिच्यावर वल्हं टेकतं. आणि एच-ओ-डब्ल्यूच्या आधी ‘डी’ लावला की तिरक्या शिडाचं अरबी गलबत. तुमच्या घरापासून दाभोळची खाडी किती लांब? इराणच्या आखाताशी आणि तांबड्या समुद्राशी व्यापार करणारं हे बंदर, तिथे अशी गलबतं शतकानुशतकं लागत होती. हा शब्द तुम्हाला परका वाटायचं कारण नाही.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जाता ना? दोन्ही नावं इंग्रजीत लिहून बघा. एका काठावर बी-एच, दुसऱ्या काठावर डी-एच. खेड स्टेशनच्या पाटीवर के-एच, चिपळूणच्या पाटीवर सी-एच. विशेषनामं खेळात चालत नाहीत, पण जोडी डोळ्यांत बसवायला पाट्या उत्तम. मी स्वतः अशीच शिकले, गाडीच्या खिडकीतून.

या जोड्यांत आपले शब्द किती आहेत ते बघाल तर चकित व्हाल. धोतर, धोबी, धर्म, धरणं, भांग, भक्ती, खादी, खाकी, साधू. साधारण आपण उच्चारतो तसेच इंग्रजीत गेले, फक्त धोतर ‘धोती’ होऊन गेलं. आणि मराठीतून गेलेल्यांत मुंगूस आहे. पोर्तुगीजांच्या तोंडून तो इंग्रजीत पोचला आणि शेवटी ‘ओ-ओ-एस-ई’ अशी शेपटी लावून बसला. बोंबील तर कॉलिन्सच्या यादीत बी-यू-एम-एम-ए-एल-ओ या रूपात आहे, मध्ये दोन ‘एम’. पुढच्या खेपेला कुणी ‘तुझं इंग्रजी कच्चं’ म्हणालं तर हा शब्द लावा आणि अर्थही सांगा.

‘क्यू’च्या जोडीला ‘यू’ लागतोच, हे शाळेत शिकवलेलं बहुतेक वेळा खरं, पण ‘यू’चे ठोकळे फक्त चार. ते कुठे तरी अडकतात आणि ‘क्यू’ हातात कुजतो. त्याची वाट अरबी-फारसी शब्दांतून निघते. उर्दू बोलणारे घशातून ‘क’ काढतात, तिथे इंग्रजीत पुष्कळदा ‘क्यू’ लिहितात. काझी, फकीर, तलाक, कव्वाली. काझीचं स्पेलिंग क्यू-ए-डी-आय, फकिराचं एफ-ए-क्यू-आय-आर, तलाकचं टी-ए-एल-ए-क्यू. कव्वाली कॉलिन्समध्ये आहे. दाभोळच्या मोहल्ल्यातलं उर्दू ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा ‘क’ कुठे येतो ते सांगावं लागत नाही.

स्वरांनी हात भरला की आपण घाबरतो. शंभरांत ४२ ठोकळे स्वरांचे, त्यांत एकटे ‘ई’ १२, तेव्हा हे होणारच. त्या वेळी जोडीला जोडी स्वरच लावायचे. ‘ए-आय’ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा आळशी प्राणी. ‘ओ-ई’ म्हणजे फेरो बेटांवरची वावटळ. ‘ए-ए’ म्हणजे खडबडीत लाव्हा, मूळ शब्द हवाईचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला सह्याद्री ज्या लाव्हाने रचला त्यातही हा प्रकार आहे. घाट चढताना काळा कातळ दिसला की हा शब्द आठवेल.

‘व्ही’चा दोन अक्षरी शब्द मात्र दोन्ही यादींत एकही नाही, तेव्हा त्याच्या शेजारी काही सरकवायला जाऊ नका. ‘एस’ चारच आहेत. हा खेळ शोधणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठोकळ्यांची संख्या ठरवली, पण ‘एस’ मुद्दाम कमी ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाचं अनेकवचन करून खेळ सोपा झाला असता. म्हणून आठ-दहा गुणांसाठी ‘एस’ घालवू नये. आणि शेवटाला लागणाऱ्या जोड्या, ई-आर, ई-डी, एल-वाय, हातात आल्या की आपले सात ठोकळे मांडायच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एकत्र लावून ठेवाव्या. उरलेल्या पाचांतून शब्द दिसायला सोपं जातं. सातही एकाच खेळीत लागले तर ५० गुण वरून मिळतात.

पाठ कसं करायचं, ते मी तुम्हाला काय शिकवणार! एवढंच सुचवते, की कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर एका पानाला एक जोडी घ्या. रोज पाचच शब्द, स्पेलिंग मोठ्याने, पाढ्यांच्या चालीत, पुढे अर्थ मराठीत एका शब्दात. दुसऱ्या दिवशी पान झाकून आधी कालचे पाच, मग नवे. नारळ खवताना, भात वैरताना म्हणता येतं. वर्णानुक्रमाने मात्र लावू नका. तसं केलं की ‘ए’चे शब्द पक्के होतात आणि ‘डब्ल्यू’पर्यंत कुणी पोचत नाही.

जाऊबाईंना डावाला आणायचे दोन-तीन मार्ग तुमच्या मनात आहेत असं पत्रावरून दिसतं. यादी विसरून पूर्वीसारखं खेळायचं, हा त्यातला एक. तो मला पटत नाही. शिकलेलं विसरता येत नाही, तुम्ही मुद्दाम हराल, आणि चाळीस वर्षं तुम्हाला ओळखणाऱ्या बाईला ते पहिल्याच डावात कळेल. त्याचा अपमान ६२ गुणांपेक्षा मोठा. नातीकडून सांगायला लावायचं, हा दुसरा. तोही नको. पोरीने भक्तिभावाने यादी पाठवली, तिला दोन आज्यांच्या मध्ये उभी करू नका. अर्थ आला नाही तर गुण कापायचे, असा नियम काही घरांत करतात. त्याने खेळाचा वर्ग होतो आणि तुमच्यापैकी एक जण कायमची परीक्षक होते.

मी असं करीन. आधी एक वाक्य, तेही डावाचा विषय नसताना, तांदूळ निवडताना वगैरे: “वहिनी, यादी आली होती ते मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.” एवढंच. क्यू-आयबद्दल माफी मागू नका, ती खेळी बरोबर होती. त्या काही बोलल्या नाहीत तर दोन दिवस जाऊ द्या. मग यादीची दुसरी प्रत काढून त्यांच्या हातात द्या. यादी दोघींच्या हाती आली की ती कुणाचं गुपित राहत नाही. पहिले पंधरा दिवस ती पटाशेजारी उघडीच ठेवा, दोघींनी बघून खेळा. अर्थाचं काम डाव संपल्यावर. लावलेल्यांपैकी जे शब्द दोघींना अनोळखी असतील, ते जाऊबाईंनी शब्दकोशात काढून वाचायचे आणि तुम्ही वहीत मराठीत लिहायचे. शब्दकोश वाचणं हे त्यांचं, मराठी करणं हे तुमचं. गुणांशी याचा संबंध ठेवू नका.

त्यांना यादी नकोच असेल, तर आठवड्यातले डाव वाटून घ्या. काही दिवस जुन्या पद्धतीने, येतं तेवढ्या इंग्रजीवर, आणि काही यादीचे. कुठला डाव ते ठोकळे उचलायच्या आधी बोलायचं. जुन्या पद्धतीच्या दिवशी त्या जिंकतील. जिंकू देत, तो त्यांचा खेळ आहे आणि त्यात तुमचंही इंग्रजी वाढतंच. गणपतीत नात आली की तुम्ही दोघी एका बाजूला बसा, एकच पट्टी, सात ठोकळे दोघींचे. तुमच्याकडे जोड्या, त्यांच्याकडे लांब शब्द. दोघींची सांगड चांगली बसेल.

आणि पट आजच माळ्यावरून काढा. श्रावण संपेपर्यंत माळ्यावर राहिला तर पुठ्ठा ओल धरेल आणि लाकडी ठोकळ्यांवर बुरशी येईल, मग अक्षरं पुसट होतात. कोरड्या फडक्याने पुसून चुलीपासून जरा लांब, उबेला ठेवा. पिशवीतले ठोकळे मोजावे लागतील, दोन वर्षांत एखादा फटीत गेलेला असतो. ‘ई’ बारा, ‘ए’ नऊ, ‘आय’ नऊ, ‘ओ’ आठ, ‘एच’ दोनच, कोरे दोन, सगळे मिळून शंभर. ओटीवर पसरा आणि मोजायला जाऊबाईंना हाक मारा.